जुईची दुपारची झोप

जुईला दुपारी झोपवायचं म्हणजे शर्विलला खरं तर काहीच करावं लागत नसे. बाटली संपली की तिला खांद्यावर घ्यायचं, पाठीवर थोपटून ढेकर काढायचा, खिडकीचा पडदा ओढायचा आणि खुर्चीत मागं टेकायचं. बस्स. अंगाई नाही, झोका नाही, खुळखुळा नाही. तिची मान त्याच्या गळ्यापाशी कलंडायची. एका हातानं ती त्याच्या बनियनची पट्टी धरून ठेवायची आणि मग बोटं एकेक करून सैल पडायची. शेजारच्या मगदूमकाकू दारातून डोकावून म्हणायच्या, "अरे, पोर आहे की बाहुली? आमच्या घरात एकेकाला झोपवताना आमची कंबर मोडायची!"

शर्विल नुसता मान हलवायचा. काकूंना काय सांगणार? खरी गोम त्याच्या डाव्या कानात होती. कानाच्या आतल्या वरच्या खोबणीत हरभऱ्याच्या डाळीएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं होतं 'निवांत'. नावं शोधून काढण्यात या कंपन्यांचा हात कुणी धरायचा नाही.

जुई झोपली की यंत्र काढून डबीत ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शर्विलनं ते काढायचं कधीच सोडून दिलं होतं.

त्याचं असं झालं. जुई जेमतेम दोन महिन्यांची असताना एका दुपारी तिची आई, मैथिली, तिला कुशीत घेऊन आडवी झाली. शर्विल बाहेरच्या खोलीत कामाला बसला होता. त्याचं काम घरबसल्याचं. इचलकरंजीतले माग आता पूर्वीसारखे खडखडत नाहीत, मुकाट चालतात आणि धागा तुटला की शर्विलच्या संगणकाच्या पडद्यावर लाल ठिपका उमटतो. मायलेकींना निजू दे म्हणून त्यानं हलक्या हातानं दार लोटून घेतलं. तासाभरानं आतून जुईच्या रडण्याचा आवाज आला. तो थांबेना, तेव्हा शर्विल आत गेला. जुई जागी झाली होती. मैथिली झाली नव्हती. पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. बाळंतिणींच्या बाबतीत असं क्वचित होतं, असं नंतर त्याला समजावून सांगण्यात आलं. क्वचित म्हणजे किती, हे त्यानं विचारलं नाही.

त्या दिवसापासून शर्विलला दुपार नकोशी झाली. जुईचे डोळे मिटायला लागले की त्याची छाती धडधडायची. तिच्या पापण्या जड होताना बघणं त्याच्यानं होत नसे. तीही मग टक्क जागी व्हायची, अंग ताठ करायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. रात्री कशीबशी झोपायची, पण दिवसा डोळ्याला डोळा नाही. दूध ओढायला तिला त्राण उरेना. वजनाचा काटा हलेना. मैथिलीचं माहेर मिरजेचं. वडील पूर्वीच वारले होते. आई रूपालीताई आणि धाकटा भाऊ ओंकार यांचा रोज फोन यायचा आणि रोज त्याच फोनमध्ये एक वाक्य असायचं: पोरीला आमच्याकडं आणून सोडा.

शर्विलला ते नको होतं. मैथिलीचं म्हणून जे काही या जगात उरलं होतं ते या खांद्यावर मावत होतं आणि ते तो कुणाला देणार नव्हता. म्हणून तो जुईला घेऊन डॉक्टर शहनाज मुजावरांकडं गेला.

डॉक्टरांनी जुईला तपासलं आणि मग, शर्विलला जरा चमत्कारिकच वाटलं, त्याचीही नाडी बघितली.

"बाळाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "रात्री बाळाच्या मदतीला अंधार असतो. अंधार पडला की मेंदू झोपेचं रसायन सोडतो, अंग थोडं गार होतं, झोप आपसूक येते. दिवसा यातलं काही नाही. दिवसा बाळ झोपतं ते नुसत्या थकव्यावर, आणि थकवा फार दुबळा असतो हो. जरा भीती वाटली की पळून जातो."

"तिला कसली भीती?"

"तिला नाही, तुम्हाला. इतक्या लहान बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. ते सगळं मोठ्या माणसाच्या अंगावरून उचलतं. कडेवर घेणाऱ्याची नाडी जशी चालते, तशी हळूहळू बाळाची चालायला लागते. श्वासाचंही तसंच. तुमचं काळीज पळतंय, तर ती झोपेल कशी? तिला वाटतं, घरात वाघ शिरलाय."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून ती डबी काढली. मेंदूतून निघालेला एक लांबलचक मज्जातंतू मानेतून उतरून हृदयाकडं, फुप्फुसांकडं, पोटाकडं जातो. धडधडणाऱ्या हृदयाला 'सावकाश' म्हणून सांगणं हे त्याचं काम. त्याची एक बारीक शाखा कानाच्या खोबणीपर्यंत येते, म्हणजे शरीराच्या आतल्या या लगामाचं एक टोक बाहेर, हाताच्या अंतरावर आहे. 'निवांत' त्या टोकाला विजेचे अगदी बारीक ठोके देत राहायचं, तेही माणसाच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मोजून. हृदय मंदावायचं, आणि ते मंदावलं हे पाहून मेंदूही धोक्याची घंटा बंद करायचा.

"आजवर सगळ्यांनी पाळणे सुधारले," डॉक्टर म्हणाल्या. "पाळण्यात काही बिघाड नव्हताच. बिघडलेला असतो तो पाळण्याशेजारचा माणूस. पण हे झोपवण्यापुरतंच वापरायचं. ती झोपली की काढायचं. दिवसभर ठेवलंत तर मेंदूला त्याची सवय लागते. मग काढल्यावरही दोनेक दिवस असर राहतो."

"काढल्यावर त्रास होईल?"

"काढल्यावर तुम्ही जसे आहात तसे व्हाल," त्या म्हणाल्या.

पहिल्या दुपारी जुई त्याच्या खांद्यावर दीड तास झोपली. शर्विल सुखावला. यंत्र काढून त्यानं डबीत ठेवलं आणि थोड्या वेळात छातीवर कुणी पाटा ठेवावा तसा तो दुपारचा सगळा भार परत येऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं काढायला उशीर केला. तिसऱ्या दिवशी आणखी उशीर केला. त्यात लबाडी अशी काही नव्हती. दुखत असलेला पाय माणूस ज्या कारणानं टेकवत नाही त्याच कारणानं त्यानं ते काढलं नाही. पुढं पुढं ते आंघोळीलासुद्धा कानातच राहायला लागलं.

जुईनं मात्र बाळसं धरलं. गाल वर आले, मनगटांवर वळ्या पडल्या. दिवसातून दोनदा ती ठरल्या वेळी झोपायची. शर्विल वेळेवर जेवायचा, वेळेवर कामाला बसायचा. मैथिलीचे कपडे त्यानं एका सकाळी घड्या घालून देऊन टाकले आणि कपाटात जागा झाली हे बघून त्याला सोयीचं वाटलं. जुई पहिल्यांदा खळखळून हसली तेव्हा त्यानं ते पाहिलं. बाळं या वयात हसतात, हे त्यानं वाचलेलं होतं. तो पुन्हा पडद्यावरच्या ठिपक्यांकडं वळला.

सातव्या महिन्यात जुईचं उष्टावण आलं. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात आणि पहिला घास मामाच्या हातचा, त्यामुळं ते मिरजेलाच व्हायचं होतं. शर्विल तिला घेऊन गेला. ओंकारनं तिला मांडीवर घेतलं, चांदीच्या वाटीतल्या खिरीत सोन्याची अंगठी बुडवून तिच्या ओठांना लावली. जुईनं तोंड वाकडं केलं, मग जीभ फिरवून आणखी मागितलं. बायका हसल्या. समोरच्या भिंतीवर मैथिलीचा फोटो होता, त्याला ताजा हार घातला होता. रूपालीताई हसत होत्या आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पदर एकदा तोंडाला, एकदा डोळ्यांना, असं त्यांचं चाललं होतं.

मग पंगत बसली. रूपालीताई स्वतः वाढत होत्या. शर्विलची जागा नेमकी फोटोखाली आली होती.

"बासुंदी छान आटलीय," तो म्हणाला. "थोडी अजून वाढता, आई?"

रूपालीताईंनी वाढलं. पळी वाटीवर दोनदा आपटली. मग तिथंच उभं राहून त्या म्हणाल्या, "शर्विलराव, माझी पोर जाऊन वर्षसुद्धा झालं नाही."

"हो," शर्विल म्हणाला.

"हो? नुसतं हो?"

दुसरं काय म्हणायला हवं होतं याचा त्यानं विचार केला. त्या म्हणाल्या ते बरोबरच होतं, वर्ष झालं नव्हतं. मग त्यानं वाटी संपवली.

जेवणं उरकल्यावर ओंकार त्याला गच्चीत घेऊन गेला. जुई शर्विलच्या खांद्यावर गाढ झोपली होती. ओंकार सव्वीस वर्षांचा, बोलायला जरा भित्रा. तो पाठ करून आला होता हे दिसत होतं.

"दाजी, राग मानू नका. पण जुईला आता आमच्याकडंच राहू द्या. आई दिवसभर घरात आहे. मी सहाला कामावरून येतो. तुम्ही तिकडं एकटेच. पोरीच्या जातीला बाईमाणूस लागतं घरात. तुम्हाला काय वाटतं, ते सांगा की."

शर्विलनं विचार केला. यंत्र आल्यापासून विचार अगदी स्वच्छ चालत. रूपालीताईंना मुलं वाढवण्याचा अनुभव आहे. घर मोठं आहे. दवाखाना चार पावलांवर. हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला काहीतरी होतं, नक्की होतं. त्याच्याचसाठी तर त्यानं इतके महिने मिरजेच्या फोनला नाही म्हटलं होतं. त्यानं ते चाचपून बघितलं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की आपलाच गाल बोटाला परका लागतो, तसं लागलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीक आहे म्हणजे?"

"राहू दे इथं."

ओंकार बघतच राहिला. त्याला भांडण हवं होतं. दाजी चिडतील, हात झटकतील, पोरीला घट्ट धरतील, मग आपण आईला सांगू की त्यांचा जीव आहे पोरीवर, अशी त्याची मनातून तयारी असावी. शर्विलनं जुईला अलगद खांद्यावरून उचलून त्याच्या हातात दिलं. ती जागी झाली नाही. दूध किती वाजता, लंगोट कुठल्या मापाचे, हे सगळं त्यानं नीट समजावून सांगितलं; ओंकारनं विचारलं म्हणून कानातल्या यंत्राचंही सांगितलं. घरी येऊन त्यानं बटाट्याची भाजी केली, भाकरी विकत आणली होती, जेवला आणि झोपला.

आता झोपवायला कुणी नव्हतं, तेव्हा यंत्र ठेवून करायचं काय? ते दवाखान्याचं होतं, दुसऱ्या कुणाला तरी लागत असेल. शर्विलनं ते काढलं, पुसलं आणि परत करायचं म्हणून डबीत घातलं. एक दिवस गेला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहात त्यानं दोनदा साखर घातली, एवढंच.

दुपारी सवयीनं त्यानं पडदा ओढला आणि खुर्चीत टेकला. खांदा हलका लागला. इतका हलका की त्यानं मान वळवून बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग ते आलं. आधी मैथिली आली. लोटलेलं दार, तिचा गार हात, आत शांत आहे म्हणून आपल्याला वाटलेलं बरं. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम, वाटेत कुठंही न थांबता आलं. तो ओरडला. संगणकावर लाल ठिपक्यांची रांग लागली, त्याला दिसली नाही. आणि हे ओसरायच्या आतच दुसरं आलं: जुई. आपण जुईला देऊन आलो. आपल्या हातानं उचलून दिली आणि लंगोटाचं माप सांगितलं. मैथिली तरी कुणी विचारून नेली नव्हती. जुईबद्दल त्याला विचारलं होतं आणि तो ठीक आहे म्हणाला होता. मगदूमकाकू धावत आल्या तेव्हा तो जमिनीवर बसून भिंतीला डोकं आपटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकारचा फोन आला. मागं जुई बेंबीच्या देठापासून रडत होती.

"दाजी, ही दिवसा झोपतच नाही हो. आई तिला घेते आणि तिच्याकडं बघून रडायला लागते. मग हीपण रडते. दूध घेत नाही. आईनंही जेवण सोडलंय. ते तुमचं कानातलं घेऊन याल का? आई लावते म्हणते."

डबी खिशात घालून शर्विल पहिल्या बसनं निघाला. दार ओंकारनं उघडलं आणि क्षणभर त्यानं दाजींना ओळखलं नाही. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

आतल्या खोलीत रूपालीताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. जुई मांडीवर हुंदके देत होती. त्यांनी शर्विलकडं नीट बघितलंही नाही. केस कानामागं सारले आणि मान तिरकी केली.

"लावा."

"नाही, आई."

"का? तुम्हाला चाललं, मला का नाही? माझ्यानं आता नाही होत. हिचं नाक बघितलं की मैथिली दिसते. मला रडू येतं, मग ही रडते. वाळायला लागली पोर. लावा म्हणते ना!"

"हे लावलं की ती जाते, आई."

"कोण जाते?"

"मैथिली." शर्विल म्हणाला. "फोटो बघितला तर नुसती एक बाई दिसते. मी तिच्या फोटोखाली बसून तुम्हाला बासुंदी मागितली. जुई पहिल्यांदा हसली, ते मला आवडलं नाही की नावडलं नाही. तुम्ही मागितलीत तर मी तिला देऊन गेलो. मला काहीही वाटलं नाही. तुमचंही तसंच होईल. मग तिच्यासाठी रडणारं कुणी राहायचंच नाही."

रूपालीताईंनी आता त्याच्याकडं बघितलं.

"मग पोरीला झोपवायचं कसं?"

"मला माहीत नाही," शर्विल म्हणाला. "पण मी तिला न्यायला आलोय."

त्यानं हात पुढं केले. जुई त्याच्याकडं झेपावली, त्याच्या गळ्याशी नाक घुसवलं आणि लगेच ताठ झाली. हा खांदा ओळखीचा होता, पण आतली धडधड ओळखीची नव्हती. तिनं भोकाड पसरलं. शर्विल खोलीत फेऱ्या मारायला लागला. त्याला दरदरून घाम फुटला होता. वाघ घरात होताच, आणि तो आपल्या छातीत आहे हे त्याला ठाऊक होतं.

"त्या दुपारी काय झालं होतं?" रूपालीताईंनी विचारलं. "तुम्ही कधी सांगितलंच नाही. सगळ्यांनी मला डॉक्टरचं सांगितलं. गुठळी, शीर, फुप्फुस. माझी पोर कशी होती ते कुणी सांगितलं नाही."

जुईच्या रडण्यावरून ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्यानं सांगावं लागलं. आयुष्यातली सगळ्यात हळू सांगायची गोष्ट त्यानं जवळजवळ ओरडून सांगितली. मैथिली कुशीवर होती. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. एक हात जुईच्या डोक्याखाली होता, आणि तो तसाच राहिला होता, उशीसारखा. जुई उठली ती भुकेनं. आईचा हात तिनं ओला करून ठेवला होता, चोखून चोखून. दार आपण लोटलं होतं. आत शांत होतं म्हणून आपण खूश होतो.

रूपालीताई पदर तोंडात कोंबून ऐकत होत्या. मग त्यांनी पदर काढला आणि मोकळ्या गळ्यानं रडल्या. शर्विलही रडला. तिघांचं रडणं त्या खोलीत मावेना, ओंकार स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिला.

किती वेळ गेला कोण जाणे. जुईचा आवाज आधी घोगरा झाला, मग तुटक झाला. तिला शांत वाटलं असं काही नव्हे. ती थकली. पूर्वी, यंत्रं नव्हती तेव्हा, घरोघरची पोरं जशी रडून रडून थकायची, तशी. बापाची छाती धडधडतच होती आणि तिच्यावरच डोकं टाकून ती झोपली. गाल ओले, नाक वाहतंय, मधूनच एक हुंदका.

शर्विल जागच्या जागी थबकला. रूपालीताई उठून जवळ आल्या. दोघं तिच्याकडं बघत राहिली. हुंदका थांबला होता. तिचं अंग एकदम स्वस्थ झालं होतं.

"श्वास घेतेय ना?" शर्विलनं विचारलं.

"घेतेय की." पण त्याही वाकल्या. त्यांनी तिच्या नाकाखाली बोट धरलं. "थांबा... कळत नाही."

शर्विलनंही बोट नेलं. दोन बोटं एकमेकांवर आपटली, एक तिच्या नाकात गेलं. जुईनं डोळे उघडले, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि जी किंचाळली ती गल्लीत ऐकू गेली असेल.

ओंकार धावत आला. "झोपली होती ना? मग उठवलीत कशाला?"

"श्वास बघितला," रूपालीताई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि मुलाकडं वळल्या. "माझ्या चार साड्या काढून ठेव. मी यांच्याबरोबर इचलकरंजीला जाते. रोज दुपारी श्वास बघायला दोन माणसं लागतील."

शर्विलनं मान हलवली आणि रडणाऱ्या जुईला खांद्यावर घेऊन तो पुन्हा फेऱ्या मारायला लागला.